अस्तर
शंभर वर्षांपूर्वी बदनाम झालेल्या शृंगारिक कादंबरीवरचा सिनेमा होता, कपडेपट माझ्याकडे. नायक नायिकेचा झगा पाठीमागून एका हिसक्यात फाडणार, म्हणून मी तिथे कच्चे टाके घालत होते. दिग्दर्शक कानाशी लागला, “मावशी, आतलं अस्तरही कच्चंच ठेवा. तिला सांगू नका. चेहऱ्यावर खरा धक्का दिसला पाहिजे.” तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. झगा घालून नायिका पाठमोरी उभी राहिली. “अस्तर टिकेल ना, मावशी? उद्या माझी पोरगी हे बघेल.” तोंडात टाचण्या होत्या, मी नुसती मान हलवली. शॉट सुरू झाला. झगा टरकन फाटला. नायकाने अस्तराला हात घातला. ओढलं, पुन्हा ओढलं. माझा दुहेरी दोरा तुटला नाही. “कट!” दिग्दर्शक सगळ्यांसमोर खेकसला. “मावशी, अस्तर का फाटलं नाही?” नायिका त्याच्याकडे वळली. “ते फाटणार होतं?”