विसावी सही

औषधदुकानदाराने तिचा अर्ज डॉक्टरची चिठ्ठी घ्यावी तसा हातात घेतला आणि आधी काय राहिलंय ते पाहिलं. साक्षीदाराच्या सहीची जागा रिकामी होती.

“आत्ता आणतेस होय? पाथरवट पाचला हत्यारं आवरणार. उद्या स्मारकाचा दगड चौकात उभा राहतोय.”

“पाच वेळा आणला काका. दर वेळी म्हणालात, ठेव, बघतो.”

काउंटरपलीकडे इस्त्रीवाली उभी होती. तिचा भाऊ बसवर कंडक्टर होता. बारा वर्षांपूर्वी, उठावाच्या अगदी पहिल्या सकाळी, याच गल्लीत हातात फरशीचा तुकडा घेऊन तो बंदुकांसमोर उभा राहिला आणि गेला. तेव्हा क्रांती हा शब्द कुणी वापरत नव्हतं. लोक त्याला नुसती गडबड म्हणत होते.

दुकानाला दोन शटर. उजवं रोज उघडायचं. डावं त्या दिवसापासून खालीच होतं, कारण त्याला सात गोळ्यांची भोकं होती. सरकार बदललं तेव्हा बाकीच्यांनी पत्रे बदलले, रंग काढले. याने भोकांवर काच बसवली. शाळेची मुलं रांगेने येऊन बघून जात. ज्याच्या दुकानाने सात गोळ्या खाल्ल्या तो स्वतः त्या वेळी कुठे होता, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. स्मारक समितीने त्याला गल्लीचा साक्षीदार नेमलं. त्यानेही हात आखडता घेतला नाही. एकोणीस अर्जांवर सह्या केल्या. त्यांतले फार तर नऊ जण रस्त्यावर उतरले होते. एक शिंपी तर त्या आठवड्यात सासुरवाडीला पाहुणचार झोडत होता. तो आता जखमींच्या यादीत आहे.

“शिंप्याला सही दिलीत,” ती म्हणाली. “मलाच एवढी महाग का?”

“सहीचं काही नाही गं. हा रकाना बघ.” त्याने बोट ठेवलं. ‘कुठे पडला’ या रकान्यात तिने लिहिलं होतं : औषधांच्या दुकानाच्या दारात. “दगडावर नावाखाली हेही कोरतात. येणारा-जाणारा वाचणार.”

“वाचू देत. तिथेच पडला तो.”

“मी कुठे पाहिलं?”

“कसं पाहाल? शटर खाली होतं. वर असतं तर त्याला भोकं पडली असती का?”

दुकानदाराने गोळ्यांचं एक पाकीट सरळ केलं, ते सरळच होतं. मग चष्मा काढून पुसला.

“त्याने शटर वाजवलं,” ती आवाज न चढवता म्हणाली. “तुम्हाला हाका मारल्या. समोरच्या माडीवरून आई ऐकत होती. तुम्ही आतून काय म्हणालात तेही तिने ऐकलं. पुढच्या दारी जा, म्हणालात.”

“आत दोन्ही लेकरं होती माझी.”

बारा वर्षांत हे वाक्य त्याने पहिल्यांदाच कुणापुढे म्हटलं असावं. म्हणून झाल्यावर तो स्वतःच दचकल्यासारखा झाला.

“मी भांडायला आले नाही काका. नाव तेवढं लागू दे. आईने सकाळपासून तीनदा विचारलंय. पुढचा दगड बघायला ती राहायची नाही.”

दुकानदाराला सूर सापडला. अडलेलं गिऱ्हाईक त्याला फार लवकर ओळखता येई.

“मग असं कर. पूल लिही. तिथे त्या दिवशी पुष्कळ पडले, पुलावर पडला म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. आत्ता सही देतो.”

“पुलाकडे तो फिरकलाही नाही.”

“त्याला आता काय फरक पडतो? आणि आईला कुठे वाचता येतं? नाव दाखव, बोट फिरवू दे तिला.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर राहिलं. दगडावर एकाच ओळीची जागा उरलीय. पलीकडचा सायकलवाला दोनदा येऊन गेला, सासऱ्याचं नाव घेऊन.”

“त्याचा सासरा गेल्या वर्षी गेला. दम्याने.”

“दमा त्या दिवसाच्या धुराने लागला म्हणतो. अर्जात काही खोट नाही.”

साडेचार वाजून गेले होते. तिने अर्ज आपल्याकडे ओढला. ‘औषधांच्या दुकानाच्या दारात’ या शब्दांवर रेघ मारली, हलकीशी, आतलं वाचता येईल अशी. दुकानदाराने पेन तिच्या हातातून घेतलं आणि तीच रेघ चारपाच वेळा गिरवली, खालचं काही दिसेनासं होईपर्यंत. मग पेन परत दिलं. तिने वर लिहिलं : पुलावर. इस्त्रीने भाजलेली दोन बोटं तिने कागदावर दाबून धरली होती.

त्याने सही केली. सही सुरेख होती, सवयीची. आणि लगेच पाथरवटाला फोन लावला.

“हां, विसावं नाव आलंय, लिहून घ्या.” त्याने कंडक्टरचं नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, दोनदा. “खाली घाला, पुलावर. हो, आजच. आई आहे त्याची अजून.”

पाथरवटाने पलीकडून काहीतरी विचारलं. दुकानदाराने एकदा तिच्याकडे पाहिलं. ती पेनाला टोपण लावत होती.

“साक्षीदार मीच,” तो फोनवर म्हणाला. “शेवटपर्यंत त्याच्याजवळ होतो.”