परतीची फेरी

"बाबा, माझा पाय मुरगळलाय, आज ढब्बूला तुम्हीच फिरवून आणा," म्हणत सुनेनं कुत्र्याचा पट्टा हातात दिला, तेव्हा बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बसचालकाची नोकरी संपल्यापासून अख्खी थंडी त्यांनी खुर्चीतच काढली होती. पण बाहेर कोवळं ऊन होतं, बोडक्या झाडांना पालवी फुटू लागली होती आणि पाय आपसूक बसच्या जुन्या मार्गाला लागले. प्रत्येक थांब्यावर बाबा सवयीनं थांबत. ढब्बूही लगेच खांबापाशी तंगडी वर करून हजेरी लावी. शेवटच्या थांब्यावर मात्र त्यानं फतकल मारली आणि हलायचं नाव घेईना. तेवढ्यात बस आली. बाबांनी ढब्बूकडे बोट दाखवत, चढू का, असं खुणेनं विचारलं. "काका, कुत्र्याला बसमध्ये घेता येत नाही," तरुण चालक ओशाळून म्हणाला, "नियम तुम्हीच शिकवलात." बाबा खुशीत हसले. त्यांनी ढब्बूला उचलून खांद्यावर टाकलं. "चला, परतीच्या फेरीला एक प्रवासी मिळाला."