चौथ्या रांगेतली मुलगी

“आधी तिला रागावणार नाही असं सांगा, मग आत येतो,” हजेरीवाले काका उंबऱ्याबाहेरच थांबून म्हणाले.

बारकीची आई नुकतीच लॉन्ड्रीतून आली होती. दिवसभर इस्त्री फिरवून तिचा हात खांद्यापासून बधिर झाला होता. काकांना सगळा भाग ओळखत होता. पाण्याच्या टाकीमागे राहणारे, बावीस वर्षं दांडीबहाद्दरांना घरून उचलून शाळेत नेऊन बसवणारे काका. ते ज्याच्या दारात उभे, त्या घरात काहीतरी बिनसलंय हे शेजाऱ्यांना न सांगता कळायचं. म्हणून तिने घाईघाईने त्यांना आत घेतलं आणि दार लोटलं. रागावणार नाही, असं ती म्हणाली. कशाबद्दल, ते तिला माहीत नव्हतं.

काकांनी पिशवी मांडीवर घेतली. आतला डबा वाजला. बारकी अठ्ठावीस दिवस शाळेत गेलेली नाही, असं त्यांनी सांगितलं. दिवस त्यांनी स्वतः मोजले होते.

आईला आधी हसूच आलं. रोज सकाळी सातला ती पोरीला डबा भरून देत होती आणि संध्याकाळी तो चाटूनपुसून परत येत होता. शिवाय गैरहजेरीचा मेसेज हल्ली शाळेतून आपोआप घरी येतो, तो तिला एकदाही आला नव्हता. काकांनी शाळेत कुठला नंबर दिलाय ते विचारलं. तिने गेल्या वर्षी नंबर बदलला होता आणि शाळेत कळवायचं राहून गेलं होतं. मेसेज रोज जात होता, बंद पडलेल्या नंबरवर.

“मग ती जाते कुठे?”

“मोठ्या दवाखान्यात. नंबर लागायची वाट बघतात त्या हॉलमध्ये. चौथ्या रांगेत, भिंतीकडे. तिथे बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. एक वाजता डबा खाते, साडेपाचला निघते.”

आईने हातावरचे इस्त्रीच्या चटक्यांचे डाग चोळले.

“बरी नेमकी सापडली तुम्हाला,” ती म्हणाली. “चोराची पावलं चोरालाच ठाऊक म्हणतात, तसं झालं.”

बोलून झाल्यावर ती ओशाळली. काका हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. मी यायला उशीरच केला, एवढंच म्हणाले.

सलग तीस दिवस भरले की नाव पटावरून कमी व्हायचं. मग पुढच्या वर्षी पुन्हा आठवी, तीही धाकट्या मुलींबरोबर. त्या बाकावर परत कुणी बसत नाही, हे आईला समजावून सांगायची गरज नव्हती. तिची स्वतःची शाळा आठवीतच सुटली होती. तिला त्या गोष्टीची भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त थकवा.

शाळेत फोन लावून बघते, म्हणून तिने मोबाइल हातात घेतला. काकांनी फोन नको म्हटलं. उद्या साधी चिठ्ठी द्या, तुमच्या सहीची. माझं नाव कशाला घालता त्यात.

पावणेसहाला बारकी आली. काकांना खुर्चीत बघून तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. ती दप्तर न काढताच भिंतीला टेकली. आईने का म्हणून विचारलं, तेव्हा ती पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं बोलली.

“नवी तुकडी मिळाली. तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. एक दिवस फाटकापासून परत फिरले. घरी सांगणार होते. दुसऱ्या दिवशी वाटलं, काल का नाही सांगितलंस म्हणून विचारशील. मग रोज तेच. आता काही वाटतच नाही.”

काका फरशीकडे बघत होते.

“आपलं आपल्याला नाही सांगता येत,” ते म्हणाले. “दुसऱ्या कुणी येऊन सांगितलं की सुटतो माणूस.”

आईने शब्द पाळला. ती रागावली नाही. रडली थोडी, आणि कुकर लावायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काका बारकीला घ्यायला आले. वह्यांच्या दुकानापाशी, फाटक पन्नास पावलांवर असताना काका थांबले. ती फाटकापर्यंत चला म्हणाली. मुलं बघतात, इथून तुझी तू जा, असं म्हणून त्यांनी तिला पुढे धाडलं. ती दोनदा मागे वळली आणि आत गेली. घंटा होईपर्यंत काका तिथेच उभे होते. कित्येक महिन्यांत त्यांना पहिल्यांदाच काहीतरी वाटलं. बरं वाटलं. मग त्यांनी पिशवीतला डबा सरळ केला आणि रोजच्या रस्त्याला लागले.

संध्याकाळी पाण्याच्या टाकीमागच्या घराची बेल वाजली. काकूंनी दार उघडलं. गणवेशातली मुलगी दप्तर घेऊन एकटीच उभी होती. आदल्या रात्री काका जेवताना हिच्याबद्दलच बोलले होते, हे काकूंच्या लक्षात आलं. नाव राहिलं ना पटावर, असं त्यांनी विचारलं. राहिलं, मुलगी म्हणाली. काका सहापर्यंत येतील कामावरून, तोवर आत बस, काकू म्हणाल्या.

मुलगी उंबऱ्याबाहेरच थांबली.

“आधी काकांना रागावणार नाही असं सांगा, मग आत येते.”

काकूंना गंमत वाटली. बरं, नाही रागावणार, पण कशाबद्दल, असं त्यांनी विचारलं.

“मेसेज सुरू झाले तेव्हाच त्यांचं काम बंद झालं, शाळेतले कारकून म्हणाले. आणि मी दवाखान्यात चौथ्या रांगेत बसायचे ना, तेव्हा ते रोज तिसऱ्या रांगेत असायचे.”