वाटी मातीतच राहते

"अजून थोडी वाढ गं," म्हणत सासऱ्यांनी ताटली पुढे केली.

थोरली नुकतीच शिवणाच्या दुकानातून घरी आली होती. तिचा हात सवयीने कढईकडे गेला, पण सासरे तिला म्हणाले नव्हते. ताटली धाकट्या सुनेपुढे धरलेली होती.

रानातली अळंबी या घरात बावीस वर्षं शिजत होती, आणि दर वेळी ती थोरलीनेच आणलेली असायची. आज धाकटी भल्या सकाळी एकटीच टेकडीमागे गेली, टोपली भरून घेऊन आली, निवडली, लोण्यात परतली आणि वाढूनही मोकळी झाली.

"थोरले, बस जेवायला," सासरे म्हणाले. "कित्येक वर्षांत अशी अळंबी खाल्ली नाही. पोरीला नजर आहे."

थोरली बसली नाही. सासरे जंगलखात्यात रखवालदार होते. डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी आपली सगळी विद्या थोरलीला दिली होती. कोणती अळंबी पोट भरते, कोणती माणसाला भिंतीशी गप्पा मारायला लावते आणि कोणती, देठाच्या बुडाशी मातीत वाटीसारखा कोष असलेली, थेट वर पोचवते. गल्लीतल्या बायका टोपल्या दाखवायला तिच्याकडे यायच्या. ती "हं" म्हणाली की मगच त्यांच्या घरी गॅस पेटायचा. धाकटी तर तीन वर्षं तिच्या मागे मागे हिंडली होती.

सिंकजवळ वर्तमानपत्रावर देठांची कापलेली बुडखी पडली होती. थोरलीने दोन उचलली, खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिली. अस्सल माल होता. तिला स्वतःला इतका चांगला मिळून चार वर्षं झाली असतील.

"उपटताना खाली वाटी होती?" तिने विचारलं.

"नव्हती, ताई. तुम्ही शिकवलंत तसा एकेक देठ खणून पाहिला."

"नीट खणला नसशील. वाटी मातीतच राहते." थोरलीने बुडखी कागदावर टाकली. "मला ही धड दिसत नाही. फेकून दे सगळी."

तिला एवढंच हवं होतं. सासऱ्यांचा घास हातात थांबावा, धाकटीचं तोंड उतरावं. तसं झालंही. पण धाकटीचं तोंड नुसतं उतरलं नाही, पांढरंफटक पडलं.

"छकुलीने दोनदा घेतली," ती म्हणाली आणि बाहेरच्या खोलीत धावली.

चार वर्षांच्या लेकीला तिने खेळातून उचलून आणलं, सिंकवर ओणवं धरलं आणि तिच्या घशात बोटं घातली. पोरगी किंचाळली. दिराने जेवण सोडून डॉक्टरांना फोन लावला. "हो, रानातली... नाही, अजून काही होत नाहीये..."

"अगं, तसं नक्की काही—" थोरली म्हणाली.

"नक्की काय, ताई?" धाकटी ओरडली. "तुम्हीच सांगितलंत ना, आधी आठ-आठ तास काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो!"

सासरे जागचे हलले नव्हते. त्यांनी मान फक्त थोरलीच्या आवाजाच्या दिशेने वळवली.

"थोरले," ते हळूच म्हणाले, "नीट पाहिलंस ना?"

सिंकपाशी पोरीला पुन्हा उमासा आला. आता नुसतं पिवळं पाणी पडत होतं.

थोरलीने कढई पुढे ओढली आणि हातानेच खायला सुरुवात केली.

"वहिनी!" दीर फोन कानाचा काढून म्हणाला.

"चांगली आहे," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "काही झालेलं नाही अळंबीला. मी उगाच बोलले."

"उगाच म्हणजे?" दिराने विचारलं.

ती एकामागून एक घास घेत राहिली. माती चावल्यासारखी लागेल असं तिला वाटलं होतं. पण अळंबी सुरेख लागत होती. नेमकी परतलेली, रसाळ, रानाचा वास जराही न मोडलेली. तेच गिळायला जड जात होतं.

दीर फोनवर काहीतरी पुटपुटला आणि त्याने तो ठेवून दिला. सासऱ्यांनी ताटली सरकवली, भिंतीचा आधार घेत ते उठून आत गेले. धाकटीने पोरीचं तोंड धुतलं, ओढणीने पुसलं. तिचा स्वतःचा आवाज आता खाली आला होता.

"मी एकटी गेले, म्हणून?" तिने विचारलं.

थोरलीने कढईतला हात काढून घेतला. तळाशी चार-दोन तुकडे उरले होते.

पोरीचं रडू पोरीसारखंच, आलं तसं गेलं. पोट रिकामं झालं होतं. ती काकूशेजारच्या खुर्चीवर चढली, कढईत डोकावली आणि काकूपुढे "आ" करून बसली.

थोरलीने एक तुकडा उचलला. तिचा हात पोरीच्या ओठांपाशी पोचायच्या आत धाकटीने तो धरला, बोटांतला तुकडा काढून घेतला आणि वर्तमानपत्रावर बुडख्यांमध्ये टाकला. मग त्याच कढईतून तिने दुसरा उचलला.

"मी भरवते," ती म्हणाली.

पोरगी अजून काकूकडेच तोंड उघडून बसली होती.