साठचा पूरक

"साठचा पूरक कोन?" रमीलाबेननी फळ्यावर खडू टेकवून विचारलं.

"तीस, बेन," सुनैना म्हणाली.

सातवीचा वर्ग फिसकन हसला. दोन कोन मिळून एकशेऐंशी झाले की ते एकमेकांचे पूरक, हे मोरबीतलं शेंबडं पोरही सांगेल. ही बया मात्र छातीठोकपणे तीस म्हणत होती.

"नीट विचार कर गं. बरं, चाळीसचा?"

"पन्नास."

मागच्या बाकावरून जिगरने तोंड घातलं, "बेन, हिच्या गावात कोनसुद्धा रेशनवर मिळतात!"

खुर्चीत बसलेले मोठे साहेब, मुख्याध्यापक वाघेला, तेवढे हसले नाहीत. पूरक कोनांच्या लेखी परीक्षेत सुनैनाला भोपळा मिळाला होता. आज तोंडी विचारून बघू, नाहीच जमलं तर सोमवारपासून सहावीत, असं त्यांनी तिच्या बापाला सांगून टाकलं होतं. बाप टाइल्सच्या कारखान्यात भट्टीवर, दिवाळीनंतर उत्तर प्रदेशातल्या बांद्याहून गुजरातेत आलेला. तो काय बोलणार? पण सहावीत सुनैनाचा धाकटा भाऊ होता, लल्लन. त्याच्या बाकावर जाऊन बसायचं? त्यापेक्षा शाळाच सोडते, असं ती सकाळी आईला रडून सांगून आली होती.

"शेवटचा," रमीलाबेन म्हणाल्या. "एकशेदहाचा पूरक?"

"त्याला पूरक नसतोच, बेन."

आता तर बाकं वाजली. साहेब उठले. "झालं की! बेन, ही तुम्हालाच शिकवायला लागली. पाठवा सहावीत."

पण रमीलाबेन जागच्या हलेनात. न येणारं पोर अंदाजाने काहीतरी ठोकून देतं. नसतोच, असं ठणकावून कोण सांगतं?

"का नसतो गं?"

सुनैनाचे डोळे भरले होते. तिने खिडकीतला, खडू ठेवायचा टाइलचा तुकडा उचलला आणि त्याचा शाबूत कोपरा पुढे धरला. "हा बघा ना, बेन. ह्यात साठ बसला की तीस उरतो. चाळीस बसला की पन्नास. एकशेदहा ह्या कोपऱ्यात मावेल कसा?"

"तुझ्या शाळेत ह्याला पूरक म्हणायचे?"

"हो. आमच्या हिंदी पुस्तकात होतं."

"आणि दोघं मिळून सरळ रेषा होतात, ते?"

"ते संपूरक."

"हाय हाय!" रमीलाबेननी खडूच्याच हाताने कपाळ धरलं. "अगं पोरी, तू कोपऱ्याचं बोलतेस होय! त्याला इथं कोटिकोन म्हणतात. तुझा संपूरक तो आमचा पूरक. बोलली का नाहीस इतके दिवस?"

"मला वाटलं, शब्द तोच आहे."

रमीलाबेनना स्वतःचीच लाज वाटली. लेखी पेपरात प्रत्येक उत्तर बरोब्बर एका काटकोनाने कमी होतं, आणि त्यांनी नुसत्या फुल्या मारल्या होत्या.

साहेबांना मात्र एवढ्यावर सोडायचं नव्हतं. "गोष्टी पुरे. साठचा पूरक सांग."

सुनैनाने ओढणीने नाक पुसलं. "तिकडचा की इकडचा, साहेब?"

"दोन्ही सांग."

"तिकडे तीस. इकडे एकशेवीस."

"एकशेदहाचा?"

"इकडे सत्तर."

"आणि तिकडे?"

तिने टाइलचा तुकडा खिडकीत ठेवला.

"तिकडे तो मावतच नाही, साहेब. म्हणून तर आम्ही इकडे आलो."

साहेब जिगरवर खेकसले, "सरक रे, तिला बसू दे."