बर्फाची रेघ

प्रयोगशाळेच्या खालच्या मजल्यावर टाकी सांभाळणाऱ्या नलावडेकाकांनी फोनवरच्या कामनोंदीच्या नव्या अ‍ॅपवर बोट टेकवलं आणि वर माझ्या संगणकावर ‘नायट्रोजन भरणे’ या कामापुढे लगेच हिरवी टिक उमटली. आधी वापरून पाहिलेल्या दोन अ‍ॅपमध्ये तिला तासभर लागायचा. प्रयोगशाळेसाठी हेच घ्यायचं, असं मी ठरवून टाकलं.

तरी सवयीने खाली गेले. झाकण उचलून लाकडी पट्टी नायट्रोजनच्या टाकीत बुडवली आणि बाहेर काढून हवेत धरली. द्रव नायट्रोजनात बुडालेल्या भागावरच बर्फ धरतो; तो होता जेमतेम बोटभर. आत डांगी जातीच्या गाईंचे गोठवलेले गर्भ होते, सात वर्षांचं काम, आणि या जुन्या टाकीची पातळी रोज बोटभर उतरते.

“काका, भरलंत ना?”

“भरणार की, मॅडम. नायट्रोजनची गाडी सोमवारी येतेय.”

आज शनिवार होता. “मग टिक कशी केलीत?”

“ती आधीच करायची. वहीतही बावीस वर्षं आधी सही, मग काम. नाव लागलं की दुसरं कुणी लुडबुडत नाही.”

भांडायला वेळ नव्हता. शेजारच्या गुरांच्या दवाखान्यातून आम्ही दोघांनी नायट्रोजनचा कॅन उचलून आणला आणि टाकीत ओतला. पांढरी वाफ उसळली. पट्टी पुन्हा बुडवली. सहा बोटं.

काकांनी कपाळ पुसलं. “मग हेच अ‍ॅप ना?”

“नाही. पट्टीचा फोटो टाकल्याशिवाय टिक करू न देणारं शोधायचं.”

“मग आधी सांगायचं,” म्हणत काकांनी पट्टीवरची बर्फाची रेघ विरायच्या आत फोटो काढला.