स्वप्नवैद्याने नेलेली लेक

तुळसाने हातातलं इवलंसं झबलं स्वप्नवैद्यापुढे धरलं. "हे कणगीमागे सापडलं. शेजारीण म्हणते, माझ्या अंबूचं आहे. मला अंबू नावाची लेक होती, हे मला शेजारणीने सांगायचं?"

म्हातारा वैद्य शांतपणे म्हणाला, "ती तापाने गेली. तू अन्नपाणी सोडलंस, म्हणून तुझ्या नवऱ्याने मला बोलावलं. तू झोपलीस तेव्हा मी तुझ्या स्वप्नात शिरलो आणि तिला तिथून घेऊन आलो. आता तू जेवतेस, हसतेस. बरी झालीस की."

"पिसाळलेल्या कुत्र्यालाही तुम्ही असंच झोपवून गरीब करता. मी काय कुत्रं आहे? माझ्या मनात शिरताना मला विचारलंत?" तिने झबलं छातीशी घट्ट धरलं. "माझी लेक मला परत द्या."

"सगळं दुःख एकदम अंगावर येईल."

"येऊ दे. माझंच आहे ते."

वैद्याने तिच्या कपाळावर हात ठेवला. तिचा डोळा लागला आणि क्षणात ती हंबरडा फोडून उठली. दारात उभा असलेला तिचा नवरा, भिवा, धावत आला.

"तू जगावीस म्हणून केलं गं," तो म्हणाला. त्याचे डोळे किती सुजलेत, हे तिला आज दिसलं.

तिने त्याचा हात झिडकारला. "इतके दिवस तुम्ही तिच्यासाठी एकटेच रडत होतात, आणि मी शेजारी बसून हसत होते. हे करायला लावलंत तुम्ही मला."